इटली, पण कोणती?

इटली पाहून आलेली माणसे आता आपल्याकडे दुर्मिळ राहिलेली नाहीत. दिवाळीच्या फराळाला चार घरी गेले, की त्यांतल्या एका घरी तरी कोलोसियमपुढे उभे राहून काढलेला फोटो दाखवला जातो. मग रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावे ओळीने येतात, पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचे एक चित्र येते, आणि इटली संपते. ‘इटली पाहिली’ असे कोणी म्हणाले, की ‘कोणती?’ असे विचारण्याचा मोह मला आवरत नाही. हा चावटपणा नव्हे. खुद्द तिथल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो हसत नाही. तो आपल्या प्रांताचे नाव सांगतो, आणि बहुधा तेवढ्यावर न थांबता आपल्या गावाचेही सांगतो.

ह्याचे कारण इतिहासात आहे. सहाव्या शतकात लोंबार्ड टोळ्या आल्प्स उतरून आल्या, तेव्हापासून १८६१ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षे, हा सबंध देश एका सत्तेखाली कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पीडमाँट आणि सार्डिनिया बेट यांचे एक राज्य होते, मिलान व व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते, टस्कनीत ड्यूक राज्य करीत होता, पार्मा आणि मोदेना येथे आणखी दोन ड्यूक होते, मध्यभागी पोपची सत्ता होती, आणि नेपल्सपासून खाली सिसिलीपर्यंत बूर्बाँ घराण्याचे मोठे थोरले राज्य पसरले होते. ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटरनिख इटलीला केवळ भूगोलातील एक नाव समजे. त्याच्या ह्या कुचेष्टेने देशभक्तांचे रक्त तापले खरे. पण तिच्यात तथ्य नव्हते असे कसे म्हणावे? आज इटलीचे वीस प्रदेश आहेत, त्यांपैकी पाचांना विशेष अधिकार आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या सीमांखाली जुन्या राज्यांच्या सीमा अजून चाचपडता येतात.

आपल्याकडे इटली आली ती मात्र अखंड रूपात. १९०७ साली विनायक दामोदर सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले आणि ते लवकरच सरकारजमा झाले. ते ज्यांनी चोरून वाचले, त्या पिढीच्या मनात मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही त्रिमूर्ती कायमची बसली. माझ्या वाचनातही इटली प्रथम आली ती ह्याच वाटेने. एका परतंत्र राष्ट्राने बेड्या तोडल्या व ते एक झाले, अशी ती सरळ, तेजस्वी कथा. ती खोटी नाही. परंतु ती उत्तरेकडून सांगितलेली कथा आहे, आणि आगगाडीने वरून खाली प्रवास करू लागले की स्टेशनागणिक ती बदलत जाते.

तेव्हा वरूनच निघू. तुरीनहून मिलानकडे जाताना व्हेर्चेल्लीच्या आसपास गाडीच्या खिडकीतून जे दिसते, ते पाहून कोकणातल्या माणसाला आपण चुकून पेण-पनवेलकडे तर आलो नाही ना, असे वाटेल. मेच्या सुमारास दोन्ही बाजूंना बांध घातलेली, पाण्याने तुडुंब भरलेली भातखाचरे, त्यांत उलटी पडलेली आभाळाची निळाई, आणि पाठीमागे बर्फाचे आल्प्स! एवढा शेवटचा तपशील सोडला तर सारे ओळखीचे. युरोपात सर्वांत जास्त भात पिकवणारा देश तो हाच. ह्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून तण काढायला बायांचे तांडे येत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. कामाचा दिवस आठ तासांचा असावा म्हणून ह्या बायांनी १९०६ साली संप केले व ती मागणी पदरात पाडून घेतली. १९४९ सालच्या ‘रिझो आमारो’ ह्या गाजलेल्या चित्रपटात हीच खाचरे आहेत.

मुत्सद्दी काव्हूर हाही ह्याच मातीतला शेतकरी. ह्या भागातल्या लेरी येथे त्याच्या घराण्याची मोठी शेती होती आणि भात, खत, पाटबंधारे यांत त्याचा जीव रमत असे. पो नदीचे पाणी ह्या शिवारात आणणारा ऐंशीहून अधिक किलोमीटर लांबीचा कालवा १८६३ ते १८६६ मध्ये खोदला गेला आणि त्याला त्याचेच नाव दिले. पण तो पाहायला काव्हूर उरला नव्हता. राष्ट्र जन्मले आणि अवघ्या काही महिन्यांत, १८६१ च्या जूनमध्ये, तो वारला. उत्तरेकडे घरोघरी लोण्यात शिजवलेला आसट भात खातात. मिलानमध्ये त्यात केशर घालतात. मक्याच्या पिठाचे घट्ट पिठलेही असते. ऑलिव्ह तेल व शेवयांचे नाना प्रकार हे मुळात दक्षिणेचे अन्न. इटली म्हणजे शेवया असे समजून गेलेल्या आपल्या मंडळींना मिलानमध्ये भाताचे ताट पुढे आले, की आपल्यासाठी मुद्दाम केले की काय, असे वाटते!

ह्या उत्तरेच्या राजाने इटली जिंकली, असे दक्षिणेत अजूनही म्हणतात. तसे म्हणायला पुरावाही आहे. पीडमाँटचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल हा आपल्या घराण्यातला त्या नावाचा दुसरा. १८६१ साली तो सबंध इटलीचा पहिला राजा झाला. आता त्याने ‘पहिला’ म्हणवून घ्यायचे की नाही? त्याने घेतले नाही. तो ‘दुसरा’च राहिला. म्हणजे नवे राष्ट्र जन्मले नव्हते. जुन्या घराचीच ओसरी वाढवली होती, असा त्याचा अर्थ नेपल्सच्या लोकांनी काढला तर त्यांना दोष कसा द्यावा? काव्हूरला तर इटालियनपेक्षा फ्रेंच अधिक सफाईने लिहिता येई. मिलानचा विचारवंत कार्लो कात्तानेओ म्हणत होता, की एवढ्या भिन्न प्रदेशांची एक मोट बांधू नका, त्यांचा संघ करा. १८४८ साली मिलानच्या रस्त्यांवर ऑस्ट्रियाच्या फौजेशी पाच दिवस झुंजलेल्या लोकांचा हा पुढारी. त्याचे कोणी ऐकले नाही. लोकांनी त्याला पार्लमेंटात निवडून दिले, पण राजाची शपथ घ्यायची नाही म्हणून तो आत गेला नाही.

व्हेनिसबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण तिच्याबद्दल सगळेच लिहितात. एक गोष्ट मात्र आपली आहे. चौदा वर्षांचा निकोलाव मनुची १६५३ साली व्हेनिसहून जहाजात लपून पळाला तो हिंदुस्थानात आला, आणि १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यावर असताना पुरंदरच्या छावणीत त्याने शिवाजी महाराजांना पाहिले. महाराजांनी, हा कोणत्या देशचा राजा, असे विचारले, तेव्हा जयसिंगाने ‘फिरंगी राजा’ असे उत्तर दिले, असे तो आपल्या ग्रंथात सांगतो. पोर्तुगालखेरीज युरोपात दुसरा राजा नाही अशी महाराजांची समजूत होती व ती आपण दूर केली, अशीही प्रौढी तो मिरवतो. मनुचीच्या बढाया इतिहासकारांनी अनेकदा पकडल्या आहेत, तेव्हा हे मापात घ्यावे. मला गंमत वाटते ती वेगळीच. ‘फिरंगी राजा’ म्हणून ज्याची ओळख करून दिली तो माणूस कोणत्याच राजाचा प्रजाजन नव्हता! व्हेनिस हे प्रजासत्ताक होते, हजार वर्षांहून जुने. नेपोलियनने ते १७९७ साली बुडवले. मनुचीच्या आधी गोव्याला व चौलला येऊन गेलेला प्येत्रो देल्ला व्हाल्ले रोमचा. नंतर १६९५ साली गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाला भेटलेला जेमेल्ली कारेरी नेपल्सच्या राज्यातला. आपण तिघांनाही इटालियन प्रवासी म्हणतो. तिघांचे सरकार वेगळे, नाणे वेगळे, आणि बोली तर इतकी वेगळी की घरच्या भाषेत बोलते तर एकमेकांना पुरते समजले नसते.

टस्कनी हे भाषेचे माहेर. दान्तेने ज्या बोलीत लिहिले तीच पुढे प्रमाण इटालियन झाली. मान्झोनी हा मिलानचा कादंबरीकार. त्याने १८२७ साली प्रसिद्ध केलेली आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या वळणाने पुन्हा सारी तपासून १८४० पासून नव्याने छापली. पुणेरी मराठीचे प्रस्थ आठवून आपल्या वऱ्हाडी व कोकणी मित्रांना येथे हसू येईल. राष्ट्र झाले तेव्हा ही भाषा खरोखर बोलणारे किती होते? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज शेकडा अडीच! इतर काही अभ्यासक तो आकडा दहाच्या जवळ नेतात. दहा धरले तरी नव्वद लोकांना आपल्याच राष्ट्राची भाषा परकी होती.

आणि टस्कनी तरी एक कुठे होती? फ्लॉरेन्स आणि सिएना ही एका दिवसात दोन्ही पाहून होणारी शहरे, पण १२६० साली मोंतापेर्तीच्या मैदानात सिएनाने फ्लॉरेन्सला धूळ चारली, ही गोष्ट सिएनाचा माणूस काल घडल्यासारखी सांगतो. १५५५ साली सिएना शरण गेली, ती गोष्ट तो सांगत नाही. सिएनातही पुन्हा सतरा पेठा. प्रत्येकीचे निशाण निराळे, आणि २ जुलै व १६ ऑगस्टला चौकात त्यांच्या घोड्यांची शर्यत. ज्याला त्याला आपल्या देवळाच्या घंटेचा अभिमान, म्हणून ह्या वृत्तीला तिथे ‘काम्पानिलिस्मो’, म्हणजे घंटामनोऱ्याचा अभिमान, असे नाव आहे.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मराठी माणसाने उफित्सीतली चित्रे जरूर पाहावी. पण अर्धा दिवस राखून कास्चीने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या पार टोकाला जावे. तिथे आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांचा संगम आहे. संगमावर एक छत्री आहे, आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या, रंगवलेल्या अर्धपुतळ्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आहेत. ज्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज कोल्हापुरात आहे, ते हे. १८७० साली ते विलायतेस गेले, परतताना फ्लॉरेन्सला मुक्काम असता आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स १८६५ पासून इटलीची राजधानी होती; त्याच सप्टेंबरात इटालियन फौजा रोममध्ये शिरल्या होत्या आणि राजधानी हलायची तयारी चालली होती. प्रेत जाळण्याची चाल त्या देशी नव्हती. तरीही नगरपालिकेने परवानगी दिली, आणि नदीसंगमावर, रात्रीच्या काळोखात, आपल्या विधीप्रमाणे दहन झाले. १८७४ साली स्मारक उभे राहिले. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणारा तोच. फ्लॉरेन्सचे लोक ह्या जागेला ‘हिंदी माणसाची’ जागा म्हणतात, आणि पुढे शंभर वर्षांनी जवळच झालेल्या पुलालाही त्यांनी तेच नाव दिले. उलट दिशेचीही एक देणगी आहे. गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला व टस्कनीच्या ड्यूकने पाठवला; तो १६९८ साली बसवला गेला. इटलीच्या राजाने नव्हे. इटलीला तेव्हा राजा नव्हताच.

टस्कनीच्या पूर्वेला व उत्तरेला आपेनाइन्सचे डोंगर लागतात. हे डोंगर म्हणजे देशाचा कणा, आणि त्यांनीच दऱ्याखोऱ्यांना एकमेकांपासून तोडून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ह्याच डोंगरांचा आश्रय घेतला आणि त्यांना तिथून उपटायला सह्याद्रीतली पोरे गेली. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होते. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सारे मशीनगनपुढे पडले. ते एकटे धावून गेले, बाँब फेकला, एकाला गोळी घातली, आणि बंदूक भरायला वेळ उरला नाही तेव्हा तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. मग आडोशाच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांच्या देहाचा पत्ता लागला नाही. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर होते. त्यांनी खोल पाण्यातून व सुरुंगांतून एकामागून एक दोन जखमींना उचलून आणले, मग परत जाऊन तीन मशीनगना बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रिया प्रदेशातल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. उंब्रियाला जाणारे बहुतेक आसिसीला जातात. ह्या गावीही जाऊन यावे.

आता दक्षिण. रोमच्या खाली उतरले की उत्तरेकडचा सुशिक्षित माणूस नाक मुरडू लागतो. तिकडे आळस आहे, घाण आहे, चोर आहेत. पण इटलीतली पहिली आगगाडी धावली ती १८३९ साली, नेपल्सहून पोर्तिचीला. नेपल्सचे सान कार्लो नाट्यगृह १७३७ चे. मिलानच्या प्रख्यात ला स्कालाहून चाळीस वर्षांनी जुने. दारिद्र्य होते, निरक्षरता तर भयंकर होती; पण ते रान नव्हते. गॅरिबाल्डी ७ सप्टेंबर १८६० रोजी नेपल्सात शिरला तो आगगाडीत बसून!

त्यानंतर जे झाले ते आमच्या लहानपणच्या पुस्तकांत नव्हते. पीडमाँटचे कर आले, सक्तीची लष्करभरती आली, आणि खेड्यांतली माणसे डोंगरात पळाली. सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवले. काही होतेही. १८६३ च्या ऑगस्टात खास कायदा करून लष्करी न्यायालये बसवली, आणि आपल्याच नव्या नागरिकांविरुद्ध लाखाच्या घरात फौज गुंतली. बंड मोडले, तेव्हा माणसे बोटीत बसली. १८७६ ते १९१५ ह्या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख लोकांनी इटली सोडली. आरंभी उत्तरेचे अधिक, पुढे दक्षिणेचे.

बाझिलिकाता प्रदेशातले मातेरा हे गाव पाहिल्यावाचून दक्षिण समजत नाही. येथे खडकात कोरलेली घरे आहेत. वेरूळ पाहिलेल्याला खडक कोरण्याचे नवल नाही. पण वेरूळला देव आणि भिक्षू राहिले, येथे संसार राहिले. एका गुहेत नवराबायको, पाचसात पोरे, आणि गाढव. ह्याच प्रदेशात १९३५ साली मुसोलिनीने हद्दपार केलेल्या कार्लो लेव्ही ह्या तुरीनच्या डॉक्टर-चित्रकाराने पुढे त्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा सबंध देशाला लाज वाटली. १९५२ साली कायदा करून सुमारे पंधरा हजार माणसांना बाहेर काढून नव्या घरांत नेले. आज त्याच गुहांत हॉटेले आहेत, आणि एका रात्रीचे भाडे ऐकून तिथल्या जुन्या रहिवाशांना काय वाटत असेल, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

१९४६ च्या २ जूनला राजा हवा की प्रजासत्ताक, असा कौल घेतला गेला. प्रजासत्ताकाला एक कोटी सत्तावीस लाख मते पडली, राजाला एक कोटी सात लाख. आणि कोणी कुठे मत टाकले? ज्या उत्तरेने राजा दिला तिने त्याला नाकारले. ज्या नेपल्सला त्याने जिंकले त्या नेपल्सने शंभरात ऐंशी मते त्याच्या पारड्यात टाकली! ज्या प्रजासत्ताकासाठी मॅझिनी जन्मभर वणवण फिरला आणि १८७२ साली पिसामध्ये खोट्या नावाने राहत असता मेला, ते आले तेव्हा निम्म्या देशाला ते नको होते. नव्या घटनेने प्रदेशांना अधिकार देऊ केले. सिसिली, सार्डिनिया यांना ते लगेच मिळाले. पण साध्या प्रदेशांच्या निवडणुका व्हायला १९७० साल उजाडले. आपला महाराष्ट्र त्याआधी दहा वर्षे झाला होता.

शेवटी सिसिली. पालेर्मोच्या राजवाड्यातल्या देवघरात भिंतीवर ग्रीक कारागिरांचा सोनेरी ख्रिस्त आहे, छत अरबी घडणीचे आहे, आणि हे सारे बाराव्या शतकात बांधणारा राजा रॉजर उत्तर फ्रान्सच्या नॉर्मनांचा वंशज. ह्याच राजासाठी अल्-इद्रीसीने ११५४ साली जगाचा भूगोल पुरा केला. लिंबू, कडू नारिंग व ऊस अरबांनी येथे आणला. एका दिवसात हे पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी ब्रोन्ते गावी जावे. तिथे प्रवासी जातात ते पिस्त्यांसाठी. पिस्ते उत्तमच आहेत.

पण १८६० च्या ऑगस्टात येथे दुसरेच घडले. गॅरिबाल्डी हजार माणसांनिशी मेमध्ये मार्सालाला उतरला, आणि त्याने गावकीच्या जमिनी वाटण्याचे फर्मान काढले. ब्रोन्तेच्या कुळांनी ते खरे मानले. गावची मोठी जमीन होती इंग्रज आरमाराधिपती नेल्सनच्या वारसांची; बूर्बाँ राजाने १७९९ साली ती नेल्सनला जहागीर म्हणून दिली होती. जमीन मिळेना तेव्हा लोक उठले. पंधरासोळा माणसे त्यांनी मारली, निर्घृणपणे मारली. गॅरिबाल्डीचा सरदार बिक्सिओ आला, घाईघाईने न्यायालय बसले, आणि १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत लोकांचा पुढारी वकील लोंबार्दो होता, ज्याचा खुनांत हात नव्हता असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. आणि गावातला एक वेडा होता, जो डोक्याला तिरंगी फडके बांधून रस्त्यांतून ओरडत फिरला होता.

नेल्सनची जहागीर तशीच राहिली. बूर्बाँ गेले, पीडमाँटचा राजा आला व गेला, मुसोलिनी आला व गेला. महायुद्धानंतरच्या जमीन-सुधारणेत तिचे लचके तुटत गेले; पण मान्याचे येथला वाडा वारसांकडेच होता. तो ब्रोन्तेच्या नगरपालिकेने त्यांच्याकडून विकत घेतला, १९८१ साली.